सोनाळ्यात नेलेली पिवळी गाडी

नवी गाडी कोणती घ्यायची, याची चर्चा आमच्या घरी हिवाळाभर चालली. एक गाडी मला मनापासून हवी होती, पण कोणती ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटत होती. वय पन्नाशीच्या पलीकडे, गुडघ्यांची कुरकुर सुरू झालेली, आणि जीव अडकलेला कशात, तर लांब नाकाच्या, दोनच दारांच्या, सुरू केली की गल्ली दणाणून सोडणाऱ्या अमेरिकन गाडीत. मसल कार म्हणतात तिला. असल्या गाड्या श्रीमंतांची उडाणटप्पू पोरं फिरवतात, असा माझाही समज होता.

मी भूलतज्ज्ञ आहे. घर बुलढाण्यात, पण काम जिल्हाभर. आज चिखली, उद्या खामगाव, मध्येच मलकापूर. ज्या दवाखान्यात ऑपरेशन असेल तिथे बॅग घेऊन जायचं, पेशंटला भूल द्यायची, तो शुद्धीवर येईपर्यंत उशाशी बसायचं आणि निघायचं. माझं काम नीट झालं, तर मी तिथे होते हे पेशंटला आठवतही नाही. पेढे सर्जनला मिळतात. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मात्र दोन दवाखान्यांच्या मधला रस्ता माझा एकटीचा असायचा. राजूरच्या घाटात, बोथ्याच्या जंगलात कुठल्या वळणाला गिअर उतरवायचा हे पायाला आपोआप कळायचं. माझी छोटी गाडी चढावर धापा टाकायची. मागून एखादी दमदार गाडी आली आणि सहज पुढे निघून गेली की मला हेवा वाटायचा. लहान मुलीला दुसरीच्या फ्रॉकचा वाटावा, तसला.

मग मी मोबाइलवर त्या गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागले. बघायला म्हणण्यापेक्षा ऐकायला. त्या इंजिनाची एक घरघर असते, पोटातून आल्यासारखी. ऑपरेशनला वेळ असला की मी डॉक्टरांच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची, कानात ती बिनवायरची बटणं घालून. बाकीच्यांना वाटायचं मॅडम प्रवचन ऐकतात. एकदा चिखलीच्या एका दवाखान्यात त्या बटणांची चार्जिंग संपली आणि सगळा आवाज मोबाइलमधून खोलीत आला. चहा पिणारे दोघं सर्जन दचकले. एक सिस्टर ट्रे घेऊन आत येत होती, ती दारातच थांबली.

"मॅडम, हे काय?" धाकट्या सर्जनने हसत विचारलं.

"मुलाने पाठवलंय काहीतरी," मी म्हणाले आणि मोबाइल उलटा ठेवला. माझा मुलगा पुण्यात आर्किटेक्चर शिकतो आणि त्याला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही. कानशिलं तापलेली मला जाणवत होती. त्यानंतर मी आत गेले, पेशंटच्या पाठीत सुई दिली, हात स्थिर होता. पण मास्कच्या आत तोंड गरमच होतं.

ही लाज कुठून आली ते मला ठाऊक आहे. सोनाळ्याच्या आमच्या बौद्ध वस्तीतली मी पहिली डॉक्टर. माझे वडील शाळेत हेडमास्तर होते. इस्त्रीचे पांढरे कपडे, सायकल, आणि चालणं असं की चपलेचा आवाज येऊ नये. "आपल्याकडे पाहणारे लोकं जास्त असतात," एवढंच ते सांगायचे. रागावून नाही, पावसात छत्री घेऊन जा म्हणावं तसं. मी त्या वाक्यात वाढले. कपडे फिकट, आवाज हळू, गाडी पांढरी.

माझे यजमान कॉलेजात इतिहास शिकवतात. गाडी बदलायची कल्पना त्यांचीच. "इतकी वर्षं खडखडत फिरलीस, आता एक चांगली घे," असं म्हणून त्यांनी एका जर्मन बनावटीच्या सेडानचा ध्यास घेतला. चार दारं, काळा रंग, आत गादीसारख्या खुर्च्या, आणि इंजिन मात्र असं की ठरवलं तर कोणालाही मागे टाकेल. "बाहेरून प्राध्यापक, आतून पैलवान," असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

ती बघायला आम्ही संभाजीनगरला गेलो. शोरूममधला टाय लावलेला माणूस सगळं यजमानांना समजावत होता. "सर, पिकअप बघा. सर, मागे मॅडमना पाय पसरायला किती जागा आहे बघा." यजमानांनी दोनदा सांगितलं की गाडी ही चालवणार आहे. तो "हो हो, मॅडमपण चालवू शकतात, ऑटोमॅटिकच आहे," म्हणाला. मी चालवली. जालना रस्त्यावर ती बाणासारखी गेली आणि आत मला पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू आला नाही. गाडीत खोट काढायला जागा नव्हती. "आवडली ना?" यजमानांनी विचारलं. "छान आहे," मी म्हणाले.

त्याच सुमारास अकोल्यातले एक हाडांचे डॉक्टर परदेशातल्या मुलाकडे कायमचे निघाले होते. त्यांच्याबरोबर मी पुष्कळ ऑपरेशन्सना उभी राहिले आहे. त्यांनी हौसेने घेतलेली एक मसल कार विकायची होती. पिवळीधमक. मी त्यांना फोन केला आणि "एका ओळखीच्यांना हवी आहे" असं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "तुमच्या ओळखीच्यांना सांगा, एक दिवस घेऊन जा, मनसोक्त चालवा, मग ठरवा." त्यांनी ओळखलं होतं.

यजमानांना मी सांगितलं की अकोल्याला काम आहे आणि तिथून बाबांना भेटून येते. दोन्ही खरं होतं, तरी सांगताना मी त्यांच्याकडे न बघता बॅग आवरत होते.

अकोल्यात डॉक्टरांकडून पिवळी गाडी घेतली. अकोट सोडलं आणि रस्ता मोकळा झाला. एका बाजूला सातपुडा, दुसऱ्या बाजूला संत्र्याच्या बागा, हरभऱ्याची रिकामी झालेली शेतं. मी पाय थोडा दाबला. गाडी मागून कोणी ढकलल्यासारखी सुटली आणि तो आवाज, जो मी कोपऱ्यातल्या खुर्चीत चोरून ऐकला होता, माझ्या पाठीतून वर आला. मी एकटीच मोठ्याने हसले. असं हसून किती वर्षं झाली असतील कोण जाणे.

बाबांना आधी कळवलं नव्हतं. त्यांना दाखवायचीच होती मला गाडी. काय म्हणतील याची भीती होती, आणि त्या भीतीसकट दाखवायची होती. गावात शिरताना गतिरोधकाला गाडीचं पोट घासलं, तसे पानटपरीवरचे लोक वळून बघू लागले. मी काच वर केली. आमच्या वस्तीची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती, त्यात तो आवाज दुप्पट झाला. विहाराचं वळण घेतलं आणि समोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीने जमिनीवर बसलेली दिसली. काही बाया कडेला. मेणबत्त्या लावलेल्या. कोणीतरी वंदना म्हणत होतं, ते मध्येच थांबलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मला क्षणभर समजलंच नाही काय चाललंय ते. गाडी बंद करायचं बटण सापडेना. ते शोधताना ॲक्सिलरेटरवरचा पाय दाबला गेला. गाडी जागच्या जागी गुरगुरली. तेवढ्यात त्या ओळीतून बाबा उठले. हळूहळू चालत आले, वाकले, गाडी फार खाली असल्यामुळे पार गुडघ्यांवर हात टेकून वाकले, आणि काचेशी तोंड आणून म्हणाले, "बंद कर, बाई. मयत हाय."

आमच्या समोरच्या घरातली मावशी गेली होती. नात्याने मावशी नव्हे. मी शाळेत असतानाच माझी आई वारली, तेव्हापासून रोज सकाळी माझी वेणी घालून देणारी बाई ती. स्वतःच्या मुलीची एक, माझी एक. दोघींच्या रिबिनी एकाच चिंधीच्या. ती मुलगी माझ्या वर्गात होती, आता नाशिकला एका कारखान्यात कामाला आहे.

मी उतरले. त्या गाडीतून उतरणं म्हणजे खड्ड्यातून वर येण्यासारखं. दार उघडायचं, पाय बाहेर टाकायचे, ओढणी सावरायची, आणि हे सगळं शंभर डोळ्यांसमोर. बायांनी सरकून मला जागा करून दिली. एकीने माझ्या पाठीवर हात ठेवला. कोणी तिरकं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. मावशीच्या पायांशी टेकले तेव्हा मला रडू यायला हवं होतं. माझ्या डोक्यात एकच विचार, की गाडी भर गल्लीत आडवी उभी आहे आणि ती पिवळी आहे.

मुलगी यायची होती म्हणून सगळे थांबले होते. तिची आगगाडी शेगावला पोचत आली होती. तिला आणायला जाणारी जीप दुसऱ्या गावच्या नातेवाइकांना घेऊन यायला गेलेली, ती अडकली होती. एक भाचा मोटरसायकल काढत होता. ऊन चांगलंच तापलं होतं. बाबांनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडे आले.

"तू जा," ते म्हणाले. "तिले घेऊन ये."

"बाबा, ह्या गाडीतून?"

"दुसरी कोनती हाय आता?"

मी गेले. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत श्वास रोखून, पाय जेमतेम टेकवून. तरी आवाज झालाच.

शेगाव स्टेशनाबाहेर दर्शनाला आलेल्या लोकांची गर्दी असते. त्यात ती एका खांबाला टेकून उभी होती. कारखान्याच्या गणवेशाची जांभळी साडी अंगावर तशीच, हातात पिशवी. मला बघून ती पुढे आली. गाडीकडे बघून मात्र थबकली. तिची पिशवी मागच्या नावापुरत्या सीटवर कोंबली, तिला हात देऊन खाली बसवलं. ती बसली तशी तिचा चेहरा रस्त्यावरच्या माणसांच्या कमरेइतका खाली गेला. बाहेर दोघंतिघं मोबाइलवर गाडीचा फोटो काढत होते. त्यांच्या फोटोत ती आली असणार.

"हे तुही गाडी हाय?" गाव मागे पडल्यावर तिने विचारलं.

"नाही. पाहायला आणली आहे."

"हिचा आवाज कमी नाही होत काय?"

"नाही गं. मी हळू चालवते, म्हणजे…"

"हळू नको चालवू." ती समोर बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "असू दे आवाज. आगगाडीत भरून लोकं होते. तठी रडता नाही आलं मले."

आणि मग ती रडायला लागली. "माय व, माय व," करत, छाती बडवत, जशा आमच्याकडे बाया रडतात तशी, मोकळ्या गळ्याने. मी पाय दाबला. पूर्णेचा पूल गेला, पुढे वरवट बकालपर्यंत रस्ता सरळ होता, रिकामा होता. गाडीने पहिल्यांदा आपला सगळा गळा सोडला. तिचं रडणं आणि इंजिनाचा आवाज एकमेकांत मिसळून गेले आणि तिला आणखी मोठ्याने रडता आलं.

मी चांगलं काम करत होते, असं कोणीही म्हणेल. पण माझ्या हातांना आणि पायांना काय वाटत होतं ते मला माहीत आहे. त्यांना सुख होत होतं. शेजारी माझी जन्माची मैत्रीण आईसाठी ऊर फोडत होती, मला वेण्या घालणारी बाई गावात निजवलेली होती, आणि माझं अंग प्रत्येक वळणाला आनंदून जात होतं. एका ट्रकला मी अशा सफाईने मागे टाकलं की तोंडातून "वा" निघता निघता राहिलं. ते मी गिळलं. तिने ऐकलं नसावं. त्यापुढे सगळ्या रस्त्यात मला स्वतःची शिसारी येत होती, आणि तरीही मी गाडी सावकाश चालवली नाही.

सोनाळ्याच्या वेशीपाशी आल्यावर मी गाडी रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली घेतली आणि बंद केली.

"काऊन थांबली?" तिने डोळे पुसत विचारलं.

"आत फार आवाज होतो गं. सगळे बसलेत तिथे. मघाशी मी अशीच गेले आणि वंदना थांबली. इथून चालत जाऊ, जवळच आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. ती रागावली नव्हती. दमली होती.

"तुह्याकडे कोन पाहून राह्यलं व?" ती म्हणाली. "मायजवळ ने मले."

मी गाडी सुरू केली. पानटपरीवरून, शाळेवरून, गल्लीतून, भिंतींमध्ये दणाणत, विहाराच्या वळणावरून थेट तिच्या दारापर्यंत नेली. तिला उतरायला हात द्यायला मी वळसा घालून जाईपर्यंत ती स्वतःच कशीबशी बाहेर पडली आणि धावत गेली. मी तिच्यामागून आत गेले नाही. गाडीच्या दाराला धरून उभी राहिले, कारण बायांचा एकदम उठलेला आकांत माझ्या अंगावर आला आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

सगळं आटोपून आम्ही घरी आलो. येताना रस्त्यात गावातले एक पुढारी बाबांबरोबर चालत होते. त्यांनी बाबांना धीराचे दोन शब्द सांगितले आणि मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, कितीनं पळते ही?" मी ओढणी सावरून पुढे झाले. बाबांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

घरी मी चहा केला. आम्ही ओसरीत बसलो. बाबा बशीतून चहा पितात, ते बराच वेळ नुसते बशीवर फुंकर घालत राहिले.

"कशी चालते?" त्यांनी विचारलं.

"चांगली चालते."

"आवडली तुले?"

"नाही, बाबा. आवाज फार आहे. आपल्याला नाही शोभत."

"हं," बाबा म्हणाले. बशी खाली ठेवली. "मले वाटलं, आवडली. पोरीले घेऊन आली तवा तुह्या तोंडावर दिसलं."

मी उठून कप आत घेऊन गेले. मोरीपाशी नळ सोडून पुष्कळ वेळ ते दोन कप धुवत राहिले. बाबांच्या आवाजात ठपका नव्हता. असता तर मी त्याला तोंड दिलं असतं. त्यांनी फक्त पाहिलं होतं ते सांगितलं. पण म्हणजे ते दिसत होतं. आई गेलेल्या मुलीला दारात आणून सोडताना माझ्या तोंडावर ते होतं, आणि बाबांना दिसलं तर तिथल्या बायांनाही दिसलंच असणार. मैत्रिणीला दिसलं का, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी अकोल्याला परत केली. डॉक्टर फाटकातच उभे होते. "काय म्हणतात तुमचे ओळखीचे?" त्यांनी मिश्कीलपणे विचारलं. "त्यांचं नाही जमत," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडून किल्ली घेतली आणि खिशात टाकली. बुलढाण्याची बस मिळेपर्यंत मी स्टँडवर बसून होते. पायांना अजून त्या इंजिनाची थरथर जाणवत होती.

आम्ही सेडान घेतली. काळी. यजमानांना मी कारण सांगितलं की बाबांना चढायला-उतरायला सोपी पडेल. ते खूश झाले. आता ते सगळ्यांना सांगतात की निवड हिची, पण विचार बघा कसा केला, स्वतःच्या आधी वडिलांचा. खामगावच्या दवाखान्यात सगळे गाडी बघायला बाहेर आले होते. "मॅडम, शोभते तुम्हाला," मोठे सर्जन म्हणाले. मी पेढे वाटले. 'शोभते' या शब्दाने मला काहीतरी चावल्यासारखं झालं, तरी मी हसून मान हलवली.

बाबांना डोळे दाखवायला मी याच गाडीतून आणलं. त्यांना आरामात बसता आलं, ते वाटेत झोपले.

या गाडीत एक बटण आहे. ते दाबलं की इंजिनाचा आवाज मोठा होतो. खरा नव्हे. स्पीकरमधून येतो, आणि फक्त आत बसलेल्याला ऐकू येतो, बाहेर काही नाही. हे मला विकणाऱ्या माणसाने सांगितलं नव्हतं, पुस्तिका वाचताना कळलं. परवा खामगावला जाताना बोथ्याच्या जंगलात रस्ता रिकामा होता. मी आधी आरशात मागे बघितलं, चारही काचा वर आहेत ना ते बघितलं, आणि मग ते बटण दाबलं. समोरून एसटी येताना दिसली तसं मी घाईने ते बंद केलं, आणि ड्रायव्हरला आत काय चाललं होतं ते कळलं असेल की काय, असं वाटून माझे कान तापले.